ओव्हरट्रेनिंग ओळखायचे कसे: वादाची पार्श्वभूमी

अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा, कपाळाला घाम आला आणि तोंडाला कोरड पडली की थांबावे, हे आयुर्वेदाने सांगून ठेवले आहे. अतिव्यायामाने तहान, धाप, खोकला, ताप मागे लागतो, हेही. आजचा वाद त्या सल्ल्याबद्दल नाही; ओव्हरट्रेनिंग, म्हणजे विश्रांती घेऊनही कामगिरी लवकर सावरत नाही इतका झालेला अतिसराव, ओळखायचे कसे याबद्दल आहे. स्पर्धेत उतरणाऱ्याला अर्ध्या शक्तीवर थांबून भागत नाही. शरीराला मुद्दाम दमवायचे आणि विश्रांतीत ते सावरून वर येते त्याचा फायदा घ्यायचा, हीच सरावाची रीत. मग दमणे कुठवर चालेल?

१९८० च्या दशकात याचे उत्तर रक्तात शोधले गेले. टेस्टोस्टेरॉन (शरीर बांधणारे संप्रेरक) आणि कॉर्टिसॉल (ताणाचे संप्रेरक) यांचे गुणोत्तर ३० टक्क्यांहून अधिक घसरले की धोका, असा निकष मांडला गेला. तो टिकला नाही. सरावाचा ताण त्यात दिसे, पण नुसता दमलेला कोण आणि खरोखर ढासळलेला कोण, हे कळत नसे. त्याच सुमारास अमेरिकेतील विद्यापीठांच्या जलतरणपटूंना मनःस्थितीची प्रश्नावली दिली जात होती. पोहण्याचे अंतर वाढले की थकवा, उदासी वाढे. स्पर्धेआधी सराव हलका केला की उतरे.

२०१३ मध्ये युरोप आणि अमेरिकेतील दोन मोठ्या संस्थांनी संयुक्त निवेदन काढले. त्यात तीन पायऱ्या केल्या. काही दिवस ते काही आठवडे कामगिरी घसरते आणि विश्रांतीनंतर आधीपेक्षा सुधारते, ते उपयोगी ओव्हररीचिंग, म्हणजे क्षमतेपलीकडे ताणणे. आठवडे-महिने जाऊनही फायदा मिळत नाही, ते निरुपयोगी. त्याहून लांबते आणि दुसरे कारण सापडत नाही, ते ओव्हरट्रेनिंग सिंड्रोम. अडचण इथेच आहे. सगळे सावरायला लागणाऱ्या काळावर ठरते, म्हणजे आपण कुठल्या पायरीवर होतो हे सावरल्यावरच कळते. संशोधकांना ही व्याख्या सोयीची असेल. तिसऱ्या आठवड्यात पाय जड झालेल्या धावपटूला आणि त्याच्या प्रशिक्षकाला ती आज काय करायचे ते सांगत नाही. शिवाय निदान करायचे ते इतर शक्यता बाद करत: ॲनिमिया, थायरॉईड, जंतुसंसर्ग, अपुरा आहार. खात्री देणारी एकही चाचणी नाही, हे त्या निवेदनानेही मान्य केले आहे.

म्हणून रोजच्या कामाला १९९० च्या दशकातली सरावाच्या नोंदींची वहीच जास्त उपयोगी वाटते. सराव संपल्यावर अर्ध्या तासाने तो किती कठीण गेला याला ० ते १० पैकी आकडा द्यायचा आणि मिनिटांनी गुणायचे. ६० मिनिटे, आकडा ७, म्हणजे भार ४२०. आठवड्यातल्या रोजच्या भाराच्या सरासरीला प्रमाण विचलनाने, म्हणजे त्या आकड्यांतल्या चढउताराच्या मापाने, भागले की एकसुरीपणा मिळतो. रोज ४०० च्या आसपासच भार असेल तर तो आकडा फुगतो, आणि तोच सावध होण्याचा इशारा. दोन कडक, बाकी हलके आणि एक सुट्टीचा दिवस असेल तर उतरतो. जोडीला झोप, भूक, चिडचिड यांची एकेक ओळ. मनगटावरची घड्याळे हृदयगतीतील चढउतारांवरून रिकव्हरीचा स्कोअर देतात, पण रात्रीचे जागरण आणि मद्यही तो खाली आणतात.

२०१४ मध्ये ऑलिंपिक चळवळीतून आणखी एक संकल्पना आली: खर्चाच्या मानाने ऊर्जा कमी पडल्याने होणारी हानी, स्त्रिया आणि पुरुष दोघांतही. २०२१ च्या एका आढाव्याने ओव्हरट्रेनिंगचे जुने अभ्यास पुन्हा तपासले, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी खेळाडूंना ऊर्जा किंवा कर्बोदके अपुरी मिळत असल्याच्या खुणा दिसल्या. थकलेल्या खेळाडूला किती किलोमीटर झाले हे विचारण्याआधी जेवण किती होते, वजन उतरले का, आणि मुलींना पाळी नियमित आहे का, हे विचारायला हवे, ते यामुळे.