गोठलेल्या तळ्यावरची राहुटी

गेल्या डिसेंबरात माझ्या भाच्याचा अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातून पुण्याला फोन आला आणि त्याने विचारले, "मामा, राजमाचीला नेत होतो तो तंबू इथे तळ्यावर लावला तर चालेल का?" तोही आता शेजाऱ्यांबरोबर बर्फावरच्या मासेमारीला, म्हणजे गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासे धरायला, जाऊ लागला आहे. दुकानात मांडलेल्या नाना आकारांच्या राहुट्या पाहून मात्र तो गोंधळला होता, कारण प्रत्येक राहुटीवर वजन आणि किंमत लिहिलेली होती, पण ती तशीच का घडवली हे कुठेच लिहिलेले नव्हते. त्याला उत्तर द्यायचे म्हणून मी या विषयाच्या मागे लागलो, आणि लक्षात आले की त्या दुकानातला प्रत्येक आकार वेगळ्या काळात वेगळ्या गरजेतून जन्मला आहे. ती गरज ओळखल्याशिवाय निवड करता येत नाही.

पुण्यात बसून या गरजेची कल्पना करणे अवघड आहे. शिवाजीनगरच्या वेधशाळेच्या नोंदींतला नीचांक १.७ अंश सेल्सिअस आहे, आणि तोही जानेवारी १९३५ मधला. खडकवासला किंवा पाषाणच्या काठावर गळ टाकून बसणाऱ्याने पाण्याचा पृष्ठभाग टणक झालेला कधी पाहिलेला नसतो. थंड देशांतली तळी वरून खाली गोठतात, याचे कारण पाण्याच्या एका विलक्षण गुणात आहे. पाणी सर्वांत जड असते ते ४ अंशांना. त्याहून थंड झालेले पाणी हलके होऊन वर राहते आणि तेथेच गोठते, तर तळाशी सुमारे ४ अंशांचे पाणी मासे जगवत राहते. वरचा थर चार इंचांचा, स्वच्छ आणि नव्याने गोठलेला असेल, तर माणसाने पायी त्यावर जावे, असे मिनेसोटाचा नैसर्गिक संसाधन विभाग सांगतो. बर्फ पांढरा, हिममिश्रित असेल तर तेवढ्याच भरवशासाठी जाडी दुप्पट लागते. असे कित्येक चौरस किलोमीटरचे उघडे मैदान, त्यावर अडवायला झाडही नसलेला वारा आणि शून्याखाली वीस-पंचवीस अंशांपर्यंत उतरणारा पारा, एवढे डोळ्यांसमोर आणले म्हणजे राहुटी उबेसाठीच निघाली असणार, असे कोणालाही वाटेल.

पण आरंभीच्या आडोशाचे मुख्य काम ऊब देणे नव्हते. त्याचे काम होते अंधार करणे.

उत्तर अमेरिकेतील महासरोवरांच्या परिसरातले ओजिब्वे लोक बर्फाला भोक पाडून भाल्याने मासे मारत. उघड्यावर उभे राहून त्या भोकात डोकावले तर आकाशाचा उजेड पाण्यावरून परावर्तित होतो आणि खालचे काहीच दिसत नाही. म्हणून ते भोकाभोवती काही काठ्या रोवून त्यांवर घोंगडी किंवा कातडे टाकत, आणि पोटावर आडवे होऊन डोके व खांदे त्या आच्छादनाखाली घेत. आतला उजेड बंद झाला की चमत्कार घडावा तसे होते. आजूबाजूच्या बर्फातून झिरपणाऱ्या प्रकाशाने खालचे पाणी उजळून निघते, आणि कित्येक फूट खोलवर पोहणारा मासाही स्पष्ट दिसू लागतो. एका हाताने दोरीला बांधलेला, कोरून रंगवलेला लाकडी मासा पाण्यात फिरवत ठेवायचा, आणि त्याच्या ओढीने मोठा मासा खालून वर आला की दुसऱ्या हातातला भाला सोडायचा, अशी ही पद्धत होती. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत आवडलेली गोष्ट हीच आहे, की दोन-चार काठ्या आणि एका घोंगडीचा हा आडोसा निवारा असण्याआधी एक साधन होता, जणू पाण्यात पाहण्याचा चष्माच. युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांनी ही युक्ती उचलली, काठ्यांच्या जागी फळ्या लावल्या आणि त्या खोलीला 'अंधारघर' अशा अर्थाचे नाव दिले. विस्कॉन्सिनमधल्या विनेबागो सरोवरावर आजही दर फेब्रुवारीत अंधाऱ्या खोप्यांत बसून स्टर्जन हा प्रचंड मासा भाल्याने मारला जातो. आजच्या बहुतेक राहुट्यांचे कापड आतून काळे असते आणि खिडक्यांवर काळे पडदे लावता येतात, ही त्याच अंधाराची आठवण आहे.

फळ्यांची खोपी आली तेव्हा गळाने मासे धरणाऱ्यांनाही ती हवीशी वाटली, पण वेगळ्या कारणासाठी. तिच्यात शेगडी ठेवता येत होती, बाक मांडता येत होता, दार लावून वारा बाहेर ठेवता येत होता. खोपीच्या तळाला घसरपट्ट्या ठोकून ती घोड्यांनी आणि पुढे मोटारींनी ओढत तळ्यावर न्यायची आणि हंगामभर एकाच जागी ठेवायची, हा शिरस्ता पडला. मिनेसोटातले मिल लॅक्स हे सरोवर पाचशेहून अधिक चौरस किलोमीटरचे आहे, आणि कडक हिवाळ्यात त्यावर खोप्यांची वस्ती वसते, बर्फावरून रस्ते काढले जातात. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात सेंट-आन-द-ला-पेराद नावाचे गाव आहे, तेथे १९३८ पासून गोठलेल्या नदीवर दर हिवाळ्यात शेकडो खोप्यांचे दुसरे गाव उभे राहते. तेथे टॉमकॉड नावाचे छोटे मासे अंडी घालायला समुद्राकडून नदीत वर येतात. मासा जर आपल्या पायांनी दाराशी येणार असेल, तर खोपी जागची न हलणे हा दोष ठरत नाही.

तळ्यावर तसे होत नाही. पर्चसारखे मासे थव्याने फिरतात आणि सकाळी जेथे गळाला लागले तेथे दुपारी नसतात. जड खोपीत बसलेला माणूस मग त्यांच्या परतण्याची वाट पाहत बसतो. हलायचे म्हटले तरी पूर्वी ते सोपे नव्हते, कारण पहारीने दीड-दोन फूट बर्फ फोडून नवे भोक पाडण्यातच बराच वेळ जाई, आणि तेथे मासे आहेत की नाहीत हे कळायला मार्गही नव्हता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या दोन्ही अडचणी सुटल्या. हाताने फिरवायचे धारदार गिरमिट आणि त्यापाठोपाठ इंजिनावरचे गिरमिट सर्रास मिळू लागले, आणि १९५९ साली कार्ल लॉरन्स यांनी मासेमारांसाठी हातात नेता येण्याजोगे ध्वनिलहरींचे यंत्र बाजारात आणले. पाण्याखाली काय आहे ते त्यावर दिसू लागले. भोके झटपट पाडता येऊ लागली, मासे शोधता येऊ लागले, आणि आता मागे पडली होती ती खोपी.

येथे मिनेसोटाच्या डेव्ह गेन्झ यांचे नाव घ्यावेच लागते. १९८० च्या सुमारास त्यांनी घसरगाडी आणि राहुटी एकत्र केली. खाली प्लास्टिकची उथळ गाडी, तिच्यावर बसायची जागा, आणि गाडीच्या दोन्ही बाजूंना बिजागरीने जोडलेल्या, एकात एक सरकणाऱ्या नळ्यांच्या कमानींवर कापड. भोकापाशी गाडी लावून बसायचे, मागे पडलेली कमान डोक्यावरून पुढे ओढायची, की काही सेकंदांत राहुटी तयार. मासे मिळेनात, तर ती मागे लोटायची आणि सामानासकट गाडी ओढत पुढच्या भोकावर जायचे. वारीची पालखी पुण्याहून पुढे गेली की वाटेवरच्या पालखीतळांवर संध्याकाळी राहुट्या उभ्या राहतात आणि पहाटे उतरून पुढच्या मुक्कामी निघतात, हे आपल्याला ठाऊक आहे. गेन्झ यांच्या राहुटीचे मुक्काम दिवसातून वीस वेळा हलू शकत होते. खोपीत बसून माशाची वाट पाहण्याऐवजी माशाच्या मागे जायचे, हा बदल या राहुटीने सामान्य माणसाच्या आवाक्यात आणला, आणि म्हणूनच त्यांना आधुनिक बर्फ-मासेमारीचे जनक म्हटले जाते. माझ्या मते हा मान योग्यच आहे.

त्याच सुमारास सुटकेससारखी घडी होणारी, खाली तळफळी असलेली राहुटीही चालत होती. ती पाय कोरडे ठेवते, पण उभारायला वेळ घेते. पुढे आली ती छत्रीच्या तत्त्वावरची राहुटी. तिच्या प्रत्येक भिंतीच्या मध्यभागी एक गाठ असते आणि तिच्यातून लवचीक काड्या चारही कोपऱ्यांकडे जातात. बाहेरून पट्टा ओढला की भिंत फुगून ताठ होते. तेवढ्याच वजनात ही राहुटी कितीतरी जास्त जागा देते, त्यामुळे चार माणसे किंवा मुलाबाळांचे कुटुंब आत सहज मावते. पण तिला स्वतःचा जड पाया नसल्याने वाऱ्याच्या बाजूचा खिळा बर्फात फिरवून घट्ट करण्याआधी तिला सोडले, तर ती पतंगासारखी जाते. या सगळ्या प्रकारांना कृत्रिम धाग्यांनी हात दिला. ओल्या, गोठलेल्या कॅनव्हासचे ओझे गेले आणि अलीकडे दोन थरांमध्ये भरण घातलेले रजईसारखे कापड आले. त्याने ऊब टिकते, आणि श्वासाची वाफ छताला गोठून अंगावर ठिबकणेही कमी होते. मात्र जितकी राहुटी बंदिस्त, तितका आत पेटवलेल्या गॅस-शेगडीचा धोका मोठा. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, म्हणून वरचे आणि खालचे झरोके थंडी वाजली तरी उघडे ठेवावेच लागतात. हे मी भाच्याला दोनदा सांगितले.

कायद्यानेही हलती राहुटी आणि जागची खोपी या दोन घराण्यांत फरक केला आहे. मिनेसोटात घडी करून किंवा सुटी करून नेता येणाऱ्या राहुटीला, ती मालकाविना सोडून दिली नसेल तर, परवाना लागत नाही. रात्रभर बर्फावर राहणाऱ्या खोप्या मात्र मार्चमध्ये ठरलेल्या दिवसापर्यंत हलवाव्या लागतात, दक्षिणेत आधी आणि उत्तरेत दोन आठवडे उशिरा. हिवाळे सौम्य होऊ लागल्यापासून हा फरक अधिक जाणवतो. २०२३ च्या डिसेंबराच्या अखेरीस मिनेसोटातल्या अप्पर रेड सरोवरावर बर्फाचा मोठा तुकडा काठापासून तुटून निघाला आणि शंभराहून अधिक माणसांची सुटका करावी लागली. त्या हिवाळ्यात अनेक तळ्यांवर जड खोपी नेण्याइतका बर्फ धरलाच नाही.

राजमाचीच्या तंबूचे उत्तर आता देता येते. आपले गिर्यारोहणाचे तंबू पावसापासून आणि रात्रीच्या झोपेसाठी बनतात. त्यांना शिवलेली जमीन असते, म्हणजे भोक पाडायला जागाच नाही. त्यांच्या खुंट्या मातीसाठी असतात, बर्फात त्या शिरत नाहीत. आणि आत आडवे होता येते, पण बादलीवर बसून गळ हलवता येत नाही. भाचा बहुतेक वेळा एकटा जातो, काठापासून पायी जातो आणि पर्चच्या मागे असतो. म्हणून मी त्याला गेन्झ यांच्या घराण्यातली एका माणसाची, ओढायला हलकी, उलटवायची राहुटी घ्यायला सांगितली. पुढच्या वर्षी त्याची बायको आणि मुलगीही बरोबर जाणार आहेत, तेव्हा छत्रीवाली मोठी राहुटी शेजाऱ्याकडून मागून आणायची आणि तिच्या कडेच्या झालरीवर सगळ्या बाजूंनी हिम दाबून बसवायचे, असे ठरले आहे.