चमचाभर साखर आणि जेवणानंतरचा तास

आपल्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. उपाशीपोटीची साखर १०० आली म्हणजे दर १०० मिलिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम ग्लुकोज. गुणाकार केला की उत्तर येतं ५ ग्रॅम. डोक्यापासून पायाच्या नखापर्यंत फिरणाऱ्या सगळ्या रक्तात मिळून चहाचा एक चमचा साखर! मधुमेहाबद्दल बरंच वाचूनही हा हिशेब मला उशिरा कळला, आणि कळल्यापासून ताटाकडे बघायची नजर बदलली.

ज्वारीच्या दोन मध्यम भाकरी आणि वाटीभर भात, असं साधं जेवण घ्या. त्यातला स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्याच लांबच लांब माळा. आतड्यात त्या सुटतात आणि एकेक मणी रक्तात उतरतो. एवढ्या जेवणातून १०० ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज येतं. जिथे पाच ग्रॅम मावतात तिथे दोन-तीन तासांत वीसपट माल येऊन पडतो. निरोगी शरीर तो इतक्या सफाईने हलवतं की साखर सहसा १४० च्या वर जात नाही. ज्यांना ‘शुगर निघाली’ असं आपण म्हणतो, त्यांच्या शरीरात हा माल वेळेत उचलला जात नाही. म्हणून चहा बिनसाखरेचा केला आणि जेवण तेच ठेवलं, तर दोन चमच्यांचे १० ग्रॅम वाचतात, जेवणाचे १०० तसेच राहतात. चहातली साखर सोडावीच, पण खरी लढाई ताटात आणि जेवून उठल्यानंतरच्या तासाभरात असते.

हा माल उचलतं कोण? काही यकृत साठवतं, पण मोठा गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. स्नायूच्या पेशीत ग्लुकोज आत घेणारी दारं असतात. त्या प्रथिनाचं नाव ग्लुट-४. एरवी ही दारं पेशीच्या आत बारीक पिशव्यांत गुंडाळून ठेवलेली असतात. इन्सुलिन या संप्रेरकाचा निरोप आला की पिशव्या वर सरकतात, पेशीच्या पडद्यात दारं बसतात आणि ग्लुकोज आत शिरतं. टाइप २, म्हणजे सर्वाधिक आढळणाऱ्या मधुमेहात हा निरोप पेशीपर्यंत धड पोचत नाही. पण शरीराने दुसरी एक सोय करून ठेवली आहे. स्नायू आकुंचन पावला, म्हणजे पाय चालले, पोटऱ्या ताणल्या, की हीच दारं इन्सुलिनच्या निरोपाची वाट न बघता वर येतात. ही वाट मधुमेहातही बऱ्यापैकी शाबूत असते. मला ही शरीरशास्त्रातली अतिशय दिलासा देणारी गोष्ट वाटते.

आपल्याकडे जेवणानंतरच्या चालण्याला स्वतंत्र शब्दच आहे, शतपावली. शंभर पावलं मात्र मिनिटभरात संपतात. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये टाइप २ मधुमेहाच्या ४१ रुग्णांवर एक साधी तुलना करून पाहिली. काही दिवस त्यांना रोज अर्धा तास कधीही चालायला सांगितलं, आणि काही दिवस प्रत्येक मुख्य जेवणानंतर दहा-दहा मिनिटं. चालण्याचा एकूण वेळ सारखाच. तरीही जेवणानंतर चाललेल्या दिवसांत जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. आपलं सगळ्यांत जड जेवण बहुतेक रात्रीचं आणि त्यानंतरची बैठक टीव्हीसमोर, म्हणून हा शेवटचा आकडा मला महत्त्वाचा वाटतो. दहा मिनिटं म्हणजे साधारण हजार पावलं. शंभराला एक शून्य वाढवायचं आहे, इतकंच.

माझ्या आईला सहा वर्षांपूर्वी शुगर निघाली. तिचा नाश्ता म्हणजे कांदेपोहे, आणि ते सोडायला ती तयार नव्हती. म्हणून आम्ही घरीच बघायचं ठरवलं. कोरडे पोहे वजनकाट्यावर मोजून ६० ग्रॅम घेतले, दोन्ही दिवशी तेवढेच. पहिल्या दिवशी खाऊन ती ओट्याजवळ खुर्ची ओढून मेथी निवडत बसली. पहिल्या घासापासून एक तासाने बोट टोचलं, यंत्राने २१२ दाखवले. दोन दिवसांनी तेच पोहे, तीच बशी, पण खाऊन झाल्यावर ती गच्चीत वाळत घातलेल्या साड्यांमधून पंधरा मिनिटं येरझाऱ्या घालत राहिली. त्या दिवशी १७१ आले. एका बाईच्या दोन सकाळींवरून काही सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण आईला ते आकडे पटले. मी दिलेल्या दहा लेखांनी जे झालं नव्हतं ते त्या दोन टोचण्यांनी झालं.

चालण्याइतकीच मला मोलाची वाटते ती खाण्याची क्रमवारी. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात २०१५ साली अकरा मधुमेही रुग्णांना एकच जेवण दोन प्रकारे दिलं. एकदा पाव आणि संत्र्याचा रस आधी, चिकन आणि भाज्या पंधरा मिनिटांनी. दुसऱ्या खेपेला उलट. भाज्या आणि चिकन आधी खाल्लं त्या दिवशी तासाभरानंतरची साखर सुमारे ३७ टक्क्यांनी कमी होती. माणसं थोडी होती, तरी कारण समजण्यासारखं आहे. चोथा आणि प्रथिनं आधी गेली की जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, आतड्यातून इन्सुलिनला मदत करणारी संप्रेरकं सुटतात आणि मागून येणारा स्टार्च धो-धो न कोसळता हळूहळू झिरपतो.

आता आपली पंगत आठवा. पहिला वरणभात, त्यावर तूप, लिंबू, आणि मग बाकीचं. भुकेल्या पोटी पहिला मान भाताचा. डावीकडची कोशिंबीर चमचाभर, तोंडी लावण्यापुरती. मधुमेही माणसाने हा क्रम फिरवावा. काकडी-टोमॅटोची कोशिंबीर वाटीभर, मटकीची किंवा मुगाची उसळ, अंडं किंवा मासा खाणाऱ्यांनी तो, असं सगळं आधी. भाकरी त्यानंतर, आणि भात ठेवायचाच असेल तर शेवटी ताकाबरोबर, थोडा. पदार्थ घरातलेच, स्वयंपाक एकच, वेगळं पथ्याचं ताट मांडायची गरज नाही. घरातल्या ज्या बाईला रोज दोन वेगळे स्वयंपाक करावे लागतात, तिच्यासाठीही हे बरं.

भाकरीबद्दल थोडं परखड बोलतो. ‘आम्ही गहू सोडला, आता फक्त ज्वारी-नाचणी,’ असं सांगणारे पुष्कळजण भेटतात, आणि तरी त्यांची साखर हलत नाही. ज्वारीत चोथा जास्त, ती पोटात टिकते, हे खरं. पण ५० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या एका भाकरीतही ३०-३५ ग्रॅम कर्बोदकं असतातच. तीन भाकऱ्या खाल्ल्या तर शंभरी गाठली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीतून २०२५ मध्ये जे समोर आलं ते नेमकं हेच आहे. भारतीयांच्या उष्मांकांपैकी ६२ टक्के कर्बोदकांतून येतात. तांदूळ-मैद्याच्या जागी नुसतं गव्हाचं किंवा भरडधान्याचं पीठ आणलं आणि एकूण कर्बोदकं तेवढीच ठेवली, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसत नाही. धान्याचा थोडा वाटा काढून तिथे डाळी किंवा दुधातली प्रथिनं आणली तेव्हा मात्र धोका कमी दिसतो. म्हणजे पिठलं-भाकरीत पिठलं वाढवायचं आणि भाकरी तीनाची दीड करायची. गुळाचंही तसंच. त्यात साखरच असते, आणि रक्ताला तिचा रंग कळत नाही.

उपासाचं बोलायलाच हवं. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ हे आपल्या पूर्वजांनी उगाच म्हटलेलं नाही. साबुदाणा म्हणजे टॅपिओका कंदातला जवळजवळ निव्वळ स्टार्च. प्रथिनं नावापुरती, चोथा नगण्य. खिचडीत दाण्याचं कूट असतं म्हणून वेग थोडा मंदावतो, तरी बटाटा घातलेली बशीभर खिचडी दोन भाकऱ्यांच्या बरोबरीची होते. श्रद्धेने उपास करणाऱ्यांना मी तो सोडा म्हणणार नाही. दही, ताक, दाणे, राजगिरा, काकडीची खमंग कोशिंबीर हेही उपासालाच चालतं. फक्त गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना कडक उपास धरण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं.

‘पण मी तर बारीक आहे, मला कसं झालं?’ हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी ऐकू येतो. त्याचं उत्तर शोधण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या मातांचा आणि बाळांचा पाठपुरावा केला. ती बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाने खूप कमी होती, पण अंगावरची चरबी त्या मानाने टिकून होती. कमी पडले होते ते स्नायू. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापला गेला. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना एकाच मापाने मोजत होता, आतली गोष्ट वेगळी होती. म्हणून आपण काट्याबरोबर टेपही हाताशी ठेवावी. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० च्या वर गेली की सावध व्हावं, मग दंड कितीही काटकुळे असोत. आणि स्नायू हाच गिऱ्हाईक असेल तर तो वाढवायला हवा. सूर्यनमस्कार, उठाबशा, पाण्याची कळशी उचलणं, काहीही चालेल, पण साठीनंतरही चालू राहायला हवं.

या सगळ्याने फरक पडतो का, हेही तपासून झालेलं आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांना तीन वर्षं पाहिलं. निष्कर्ष २००६ मध्ये छापून आले. नेहमीसारखंच जगणाऱ्यांपैकी ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. खाणं आणि चालणं बदलणाऱ्यांत तो ३९ टक्क्यांवर थांबला, जवळजवळ मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनच्या गोळीइतकाच परिणाम. देशात उंबरठ्यावरची माणसं साडेतेरा कोटींच्या आसपास आहेत, असं २०२३ ची पाहणी सांगते, तेव्हा या १६ टक्क्यांचं मोल मोठं आहे.

‘रात्री काही खाल्लं नाही, तरी सकाळची साखर जास्त कशी?’ असं विचारून पुष्कळजण हवालदिल होतात. पहाटे कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं वाढतात आणि यकृत साठवणीतलं ग्लुकोज बाहेर सोडतं. ही शरीराला उठवण्याची तयारी असते. मधुमेहात तिला आवर राहत नाही. त्यात तुमचा अपराध काही नाही, आणि आणखी उपाशी राहणं हा त्यावरचा उपाय नव्हे. झोपेचा मात्र संबंध आहे. १९९९ मध्ये शिकागोत अकरा तरुण, निरोगी पुरुषांना सहा रात्री फक्त चार तास झोपू दिलं, तर रक्तातलं ग्लुकोज हटवण्याचा वेग सुमारे ४० टक्क्यांनी घसरला. रात्रपाळी करणाऱ्यांना आणि आजाऱ्याच्या उशाशी जागणाऱ्यांना हे सांगताना जीव तुटतो, कारण झोप त्यांच्या हातात नसते.

तपासणीच्या आधी चार दिवस पथ्य पाळायची आपल्याकडे सवय आहे. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणी त्याने फारशी फसत नाही. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढा काळ ग्लुकोज त्यांच्या हिमोग्लोबिनला चिकटत राहतं. ६.५ किंवा जास्त म्हणजे मधुमेह, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा. अंगात लोह कमी असेल तर हा आकडा मुळापेक्षा जास्त दिसू शकतो, तेव्हा पंडुरोग असलेल्या बायकांनी तो एकटाच धरून बसू नये.

आणि कारल्याच्या रसाच्या भरवशावर गोळी बंद करू नये, ही हात जोडून विनंती. ताटातला भात एकदम निम्म्यावर आणणार असाल आणि ग्लिमेपिराइडसारखी साखर खाली आणणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. औषध तेच राहिलं तर साखर ७० च्या खाली घसरू शकते. दरदरून घाम, हातापायांची थरथर, गोंधळल्यासारखं होणं ही खूण. तेव्हा माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. पायाला बधिरपणा असेल त्यांनी शतपावली अनवाणी घालू नये, टोचलेला खिळाही कळत नाही.

आई आता आठवड्यातून दोनदा टोचते, एकदा उपाशीपोटी आणि एकदा जेवणानंतर, घड्याळ पहिल्या घासापासून लावून. आकडा ती स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर लिहिते, दुधाच्या हिशेबाच्याच चौकटीत, आणि चालून झालेलं असेल त्या दिवशी शेजारी दोन बारीक पावलं काढते. गेल्या महिन्यात चौकटींत पावलंच जास्त होती.