टोटेम स्तंभ

उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील आदिवासी समाजांत झाडाच्या खोडावर कुलचिन्हे कोरून उभारले जाणारे स्तंभ. आग्नेय अलास्कापासून ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्याने खाली वॉशिंग्टन राज्यापर्यंत ही परंपरा आढळते. ट्लिंगिट, हायडा, त्सिमशियन, निस्गा, गिट्क्सान, हायस्ला व क्वाक्वाक्यावाक्व हे तिच्यातील प्रमुख समाज. मैदानी प्रदेशातील सू, शायेन आदी लोकांत ही प्रथा नव्हती. चित्रपट व जाहिरातींनी ती सरसकट सर्व आदिवासींना चिकटवली.

स्तंभांवर कावळा, गरुड, लांडगा, अस्वल, बीव्हर, किलर व्हेल, गर्जनापक्षी (गडगडाट करणारा काल्पनिक महापक्षी) अशा आकृती असतात. एकोणिसाव्या शतकातील काही मिशनऱ्यांनी त्यांना मूर्ती समजून स्तंभ पाडायला लावले. प्रत्यक्षात, आपल्याकडे लग्नात देवक बसवून पुजतात तसा पूजाविधी येथे नाही. मूळ पूर्वजाची त्या प्राण्याशी गाठ कशी पडली, ही कथा कुळाच्या मालकीची असते आणि तिच्याबरोबर नावे, गाणी, नृत्ये व कित्येकदा मासेमारीच्या जागांवरील हक्कही चालत येतात. स्तंभ उभारताना यजमान कुळ पॉटलॅच हा दानसमारंभ करते. भेटी स्वीकारणारे पाहुणे या हक्कांचे साक्षीदार ठरतात. त्यामुळे आकृत्या ओळखता आल्या तरी कथा कळतेच असे नाही. ती सांगण्याचा अधिकार त्या कुळाचा. वरखाली क्रमावरून दर्जा ठरवणेही धोक्याचे आहे.

प्राचीनता : याविषयी एकमत नाही. उघड्यावरचे लाकूड या दमट हवेत साधारणपणे शतकभरात कुजते, त्यामुळे जुने नमुने उरलेले नाहीत. कॅनडाचे मानववंशशास्त्रज्ञ मारियस बार्बो यांच्या मते युरोपीय व्यापाऱ्यांकडून लोखंडी हत्यारे मिळाल्यावरच उंच स्तंभ शक्य झाले. ही कला ब्रिटिश कोलंबियातील नास नदीच्या खोऱ्यात एकोणिसाव्या शतकात आकाराला आली व तेथून पसरली, असेही ते मानत. फिलिप ड्रकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी यास विरोध केला आणि लेखी पुरावा त्यांच्या बाजूने अधिक झुकतो. इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुकच्या १७७८ च्या सफरीत जॉन वेबर या चित्रकाराने ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावरील नूटका येथील घरातले कोरीव खांब रेखाटले. १७९१ मध्ये एत्येन मार्शां या फ्रेंच कप्तानाच्या सफरीत हायडांच्या घरांपुढील उंच कोरीव खोडे व त्यांत पाडलेली प्रवेशद्वारे यांची नोंद झाली. त्याच वर्षी मालास्पिनाच्या स्पॅनिश मोहिमेतील चित्रात अलास्कातील याकुटाट येथील ट्लिंगिट थडग्यावरची कोरीव आकृती दिसते. शिवाय लोखंड युरोपीयांपूर्वी तेथे अजिबात नव्हते, हे गृहीतकच लंगडे आहे : वॉशिंग्टनमधील ओझेट हे माका लोकांचे गाव युरोपीय संपर्कापूर्वी दरड कोसळून गाडले गेले, आणि तेथील उत्खननात लोखंडी पाती मिळाली. घरातील कोरीव खांब जुने, पण फरच्या व्यापाराने हत्यारे व संपत्ती वाढल्यावर सुट्या स्तंभांची संख्या व उंची झपाट्याने वाढली, असे मानणे सयुक्तिक वाटते.

घडण : लाकूड मुख्यतः पश्चिमी लाल सीडरचे (थुजा प्लिकाटा). नावात सीडर असले तरी हा खरा देवदार नव्हे. तो बागेतल्या मोरपंखीच्या कुळातला. लाकूड हलके, सरळ तंतूंचे व कुजण्यास बरेच दाद न देणारे असते. खोड आडवे ठेवून वाकसाने तासतात व वाकड्या पात्याच्या सुरीने बारकावे काढतात. पुष्कळदा पाठीमागचा भाग पोखरून टाकतात. त्याने वजन घटते व तडेही कमी जातात. काळा रंग कोळशाचा, तांबडा गेरूचा, निळा-हिरवा तांब्याच्या खनिजाचा. बंधक म्हणून सॅमन माशाची अंडी चावून वापरीत. बीव्हर पुढचे दोन मोठे दात व जाळीदार रेघांच्या शेपटीवरून, कावळा सरळ चोचीवरून, तर गरुड टोकाला वळलेल्या चोचीवरून ओळखतात. ट्लिंगिटांत स्तंभाचे काम विरुद्ध अर्धकुळातील (समाजाच्या दोन विभागांपैकी दुसऱ्यातील) कारागिराला देण्याची रीत होती.

घरापुढील, घरातील, स्मारक, शवपेटी धारण करणारे व स्वागताचे असे प्रकार आहेत. कर्ज न फेडणाऱ्याची किंवा अपमानाची भरपाई न करणाऱ्याची नाचक्की करणारे स्तंभही असत. दक्षिणेकडील सेलिश लोकांत घरखांब व स्वागताकृती अधिक.

ऱ्हास व पुनरुज्जीवन : १८६२ च्या देवीच्या साथीने गावेच्या गावे ओस पडली. कॅनडाने १८८५ पासून १९५१ पर्यंत पॉटलॅचवर कायद्याने बंदी घातली होती. या काळात शेकडो स्तंभ संग्रहालयांत गेले. सिअ‍ॅटल येथील प्रसिद्ध स्तंभ १८९९ मध्ये अलास्कातील टोंगस गावातून सरळ चोरून आणलेला होता. क्वाक्वाक्यावाक्व शिल्पकार मंगो मार्टिन यांनी व्हिक्टोरिया येथे १९५० च्या दशकात जुने स्तंभ दुरुस्त केले, नवे घडवले व तरुणांना शिकवले. १९६९ मध्ये रॉबर्ट डेव्हिडसन यांनी मॅसेट येथे उभारलेला स्तंभ हा त्या हायडा गावातला अनेक दशकांनंतरचा पहिलाच. स्गांग ग्वाय या हायडांच्या ओस पडलेल्या गावातील उभे स्तंभ १९८१ पासून जागतिक वारसा स्थळाचा भाग आहेत.

१९२९ मध्ये स्टॉकहोमला गेलेला हायस्लांचा ग्प्सगोलॉक्स स्तंभ २००६ मध्ये परतला. त्याच वर्षी, म्हणजे १९२९ मध्ये, निस्गांचा नीस्जूल स्मारकस्तंभ एडिंबरोच्या संग्रहालयासाठी हलवण्यात आला होता. तो मिळवून देणारे बार्बोच होते. २०२३ मध्ये तो नास खोऱ्यात परत आणण्यात आला.