नोंदी मधूनच का गायब होतात?
प्रीकूलिंग आणि कोल्ड स्टोरेजमध्ये आमचा तापमान लॉगर वापरणाऱ्यांसाठी

द्राक्षाचा सीझन लागला की पिंपळगाव, ओझर, दिंडोरीकडून एकच फोन येतो : "सॉफ्टवेअर अडकलंय, दुपारपासून नोंदच नाही." बहुतेक वेळा सॉफ्टवेअर चालूच असते. आजची फाइल कुणीतरी एक्सेलमध्ये उघडी ठेवलेली असते.

लॉगर दर १० सेकंदांनी सगळ्या सेन्सरांचे रीडिंग घेतो आणि ती ओळ आधी मेमरीत, म्हणजे बफरमध्ये ठेवतो. दर ५ मिनिटांनी साठलेल्या ३० ओळी एकदम फाइलमध्ये उतरतात. लगेच का लिहीत नाही? कारण मग दिवसाला २८८ ऐवजी ८,६४० वेळा लिहावे लागेल. ओळ शंभर अक्षरांची असली तरी मेमरी कार्डावर अख्खे पान (एका वेळी लिहिला जाणारा ठरावीक मोठा तुकडा) लिहिले जाते आणि कार्ड लवकर झिजते. चेंबरचे तापमान तासातासाने उतरते. ५ मिनिटांची जोखीम आम्ही जाणूनबुजून घेतली आहे.

आता घोटाळा कुठे होतो ते पाहा. एक्सेलने फाइल उघडली की विंडोज लॉगरला तिच्यात लिहू देत नाही. ओळी बफरमध्येच थांबतात, कोपऱ्यातला हिरवा दिवा पिवळा होतो, शेजारचा आकडा वाढत जातो : ३०, ६०, ९०. बफरमध्ये २,१६० ओळी, म्हणजे ६ तास मावतात. पुढे सर्वांत जुनी ओळ गळते. एक्सेलमध्ये मात्र उघडताना होते तेवढेच दिसते. शेवटची ओळ १:१० ची पाहून सुपरवायझर मेन स्विच बंद-चालू करतो, आणि तोवर सुरक्षित असलेले सगळे तिथे जाते. ते आम्हालाही परत आणता येत नाही, कारण सेन्सर जुने रीडिंग साठवत नाहीत.

पिवळा दिवा दिसला तर स्विचला हात लावू नका. एक्सेल बंद करा. मशीनवर उघडे नसेल तर ऑफिसात विचारा, शेअर फोल्डरमधून उघडलेली फाइलही तशीच अडकते. एक्सेलने 'सेव्ह करायचे का?' विचारले तर 'नाही' म्हणा. 'हो' म्हटले की बहुधा वेळेतले सेकंद उडतात आणि एका मिनिटाच्या सहा ओळींवर एकच वेळ येते. निर्यातदाराला अशी फाइल दाखवून पाहा! एक्सेल बंद झाले की लॉगरमध्ये 'आत्ता सेव्ह करा' दाबा. विंडोजही लिखाण थोडा वेळ स्वतःकडे अडवते, म्हणून ओळी डिस्कवर पोचल्याची खात्री झाल्यावरच आमचा दिवा हिरवा होतो.

नुसते बघायचे असेल तर 'प्रत काढा' वापरा. त्या प्रतीत बफरमधल्या ओळीही येतात.

लाइट जाण्यावर उपाय यूपीएसचा, पण त्याची यूएसबी केबल कॉम्प्युटरला लावलेली हवी. बॅटरी उतरू लागली की लॉगर ओळी उतरवून स्वतः बंद होतो. पुष्कळ ठिकाणी ती केबल खोक्यातच पडून असते. वार्षिक देखभाल करार असेल तर आम्ही ती मोफत जोडून, एकदा लाइट घालवून तपासून देतो. डिसेंबरमध्येच सांगा, जानेवारीत आमच्याकडे माणूस मोकळा नसतो.