कोल्हापूरच्या लोकल बातम्या: तार कुणाची, बातमी कुणाची

कोल्हापुरात लोकल चॅनेलच्या बातम्यांविषयी गेली काही वर्षं सतत काही ना काही कानावर येतं. अमुक बुलेटिन बंद होणार, तमुक चॅनेल फक्त यूट्यूबवर राहणार, दोन नेटवर्कं एकत्र येणार, कुणीतरी सायंकाळचा स्लॉट भाड्याने घेतला. यातलं खरं किती आणि चहाच्या टपरीवरचं किती, हे त्या त्या वेळी कळतंच. पण या चर्चेचे बरेच धागे 30 नोव्हेंबर 2022 या तारखेपाशी जाऊन मिळतात. त्या दिवशी केंद्राने केबलचालकांच्या स्वतःच्या वाहिन्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. सरकारी कागदात या वाहिन्यांचं नाव ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिस’. आपण ज्याला लोकल चॅनेल म्हणतो, ते सगळं या एका खणात येतं: बातम्या, जुने मराठी सिनेमे, भक्तिगीतं, तालमीच्या कुस्त्या.

चित्रपटाची कंपनी या गावात शंभर वर्षांपूर्वी उभी राहिली होती, त्यामुळे कॅमेरा इथे कधीच नवखा नव्हता. दूरदर्शनच्या बातमीत मात्र कोल्हापूर क्वचितच यायचं. मुंबई केंद्र 1972 साली सुरू झालं, ऐंशीच्या दशकात लघुशक्ती प्रक्षेपक आले आणि सात वाजताच्या बातम्या घरोघर पोचल्या. पण त्यात पंचगंगेचं पाणी दिसायचं ते पूर आल्यावरच.

नव्वदच्या दशकात पेठापेठांत केबल आली. प्रत्येक केबलवाल्याकडे एक ‘व्हिडिओ चॅनेल’ असायचं, त्यावर रात्री सिनेमा लागायचा. सिनेमाच्या आधी गणेशोत्सवाच्या मिरवणुकीचं चित्रण, एखाद्या सत्काराची टेप, निधनाची पट्टी असं दाखवता दाखवता बातम्या आल्या. 1994 चा अध्यादेश आणि 1995 चा केबल कायदा आला तेव्हा नोंदणीसाठी पोस्टाच्या मुख्य कार्यालयात जायचं, 500 रुपये भरायचे, एवढंच. कार्यक्रम संहिता होती. जिल्हाधिकारी, प्रांत आणि पोलीस आयुक्तांना प्रसारण थांबवण्याचे, यंत्रं जप्त करण्याचे अधिकारही होते. परंतु स्थानिक बातमी कोणी द्यावी, किती द्यावी, कुणाच्या तारेवरून द्यावी, यावर तो कायदा जवळजवळ गप्प होता. त्या मोकळ्या जागेतच कोल्हापूरची लोकल पत्रकारिता वाढली.

ॲनालॉगच्या काळातली एक तांत्रिक गोष्ट इथे फार महत्त्वाची आहे. तेव्हा सिग्नल उघडा असायचा. मुख्य कंट्रोल रूममधून आलेल्या तारेवर पेठेतला छोटा केबलवाला एक मॉड्युलेटर लावून आपलं चॅनेल घुसवू शकत असे. त्यामुळे एका ठिकाणी तयार झालेलं बुलेटिन कॅसेटवरून, पुढे सीडी-पेनड्राइव्हवरून, शेजारच्या गावातल्या चालकाकडेही जायचं. बातमी करणारा एक, दाखवणारे अनेक, अशी ही व्यवस्था होती. लेखी करार कमी आणि ओळख जास्त.

मला 2005 ते 2015 हा काळ या माध्यमाचा खरा भरभराटीचा वाटतो. 2007-08 च्या आसपास राज्यभराच्या मराठी वृत्तवाहिन्या एकामागोमाग सुरू झाल्या. लोकल चॅनेल आता संपणार असं तेव्हा अनेकांनी म्हटलं होतं. उलट झालं. मुंबईच्या वाहिन्यांना कोल्हापुरातून एक बाईट पुरायचा. इथल्या प्रेक्षकाला अख्खी महापालिकेची महासभा बघायची होती. कोण उठलं, कोण कुणावर धावून गेलं, ठराव कसा मंजूर झाला, हे दुसऱ्या दिवशीच्या पेपराआधी रात्रीच घरात दिसायचं. दूध संघाची निवडणूक, कारखान्याची वार्षिक सभा, उसाच्या पहिल्या उचलीवरून अडवलेले ट्रॅक्टर, अंबाबाईचा किरणोत्सव, शिवाजी पेठेतला फुटबॉलचा सामना. टोलविरोधी आंदोलन 2015 च्या अखेरीस टोल रद्द होईपर्यंत चाललं. त्यातल्या मोर्च्यांचं, बंदचं, बैठकांचं रोजचं चित्रण लोकल चॅनेलकडे जितकं असेल तितकं दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही. त्याचं जतन कुणी केलं नाही. बहुतेक टेपा पुन्हा वापरल्या गेल्या. ही या गावाची मोठी हानी आहे.

याच काळात तारेला राजकीय मालक मिळाले, किंवा मालकांना राजकारण मिळालं. सहकार, शिक्षणसंस्था, दूध आणि साखर यांच्याबरोबर केबल नेटवर्क हेही जिल्ह्यातल्या गटांच्या हातातलं साधन झालं. कुठलं चॅनेल कुठल्या गटाचं, हे गावात लहान पोरालाही ठाऊक असतं, त्यामुळे इथे वेगळं सांगायला नको. प्रेक्षकाने यावर उपाय काढला होता: दोन्ही बाजूंची बुलेटिनं बघायची आणि मधलं आपण समजून घ्यायचं. पुढच्या वादात हा उपाय कळीचा ठरला. निवडणुकीत दूरचित्रवाणी आणि केबलवरच्या जाहिराती आधी तपासून घेण्याचा नियम सर्वोच्च न्यायालयाच्या 2004 च्या आदेशातून आला आणि जिल्हा पातळीवर त्यासाठी समित्या बसल्या. जाहिरात त्यात पकडली जायची. बातमीच्या वेषातली जाहिरात पकडणं सोपं नव्हतं.

मग डिजिटल आलं. केबल डिजिटल करण्याची कायद्यातली दुरुस्ती 2011 ची. महानगरं आणि दहा लाखांवरची शहरं पहिल्या दोन टप्प्यांत गेली. कोल्हापूर तिसऱ्या टप्प्यात होतं, मुदत 31 डिसेंबर 2015. चौथा टप्पा ग्रामीण भागाचा, त्याची मुदत आधी 2016 ची अखेर आणि मग वाढवून 31 मार्च 2017. शहराला खेटलेली पण ग्रामपंचायतीत मोडणारी पाचगाव, उचगावसारखी गावं त्यामुळे कागदावर वेगळ्या टप्प्यात गेली. रस्त्याच्या एका बाजूला बॉक्स सक्तीचा आणि दुसऱ्या बाजूला नाही, असा प्रकार काही काळ होता. शेजारची गावं शहरात घ्यायची की नाही, या हद्दवाढीच्या प्रश्नाची सावली इथेही पडली म्हणायची.

सेट टॉप बॉक्समुळे चित्र स्वच्छ झालं, पण सिग्नल बंद कुलपात गेला. आता जे दिसायचं ते मुख्य हेडएंडवरूनच, म्हणजे जिथून सगळ्या वाहिन्या तारेवर सोडल्या जातात त्या कंट्रोल रूममधूनच. पेठेतल्या केबलवाल्याचं मॉड्युलेटर अडगळीत पडलं आणि त्याच्याबरोबर त्याचं चॅनेलही. जिल्ह्यात बातमी दाखवण्याची दारं डझनावारी होती, ती मोजक्या एमएसओंच्या, म्हणजे छोट्या केबलवाल्यांना सिग्नल पुरवणाऱ्या मोठ्या चालकांच्या, दारांवर आली. 1 फेब्रुवारी 2019 पासून केबलची नवी दररचना लागू झाली. 100 वाहिन्यांसाठी 130 रुपये आणि कर धरून 153 रुपये 40 पैसे, त्यातही एमएसओ आणि स्थानिक चालक यांच्यात मूळ वाटणी 55-45 ची. पावतीवर सगळं स्पष्ट झालं. पण लोकल बातमीदाराचा पगार ज्या ढिल्या हिशेबातून निघायचा, तो ढिलेपणा संपला.

आता 2022 च्या निर्णयाकडे. त्यातल्या बऱ्याच अटींवर कुणाचा फारसा आक्षेप नाही. एका वाहिनीची नोंदणी एकदाच, शुल्क 1,000 रुपये. पडद्यावर ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिसेस’ असं लिहायचं. 90 दिवसांचं रेकॉर्डिंग जपून ठेवायचं. अशा वाहिन्यांची संख्या एकूण क्षमतेच्या 5 टक्क्यांपर्यंत, आणि स्थानिक भाषा-संस्कृतीसाठी दर जिल्ह्याला आणखी 2. म्हणजे 500 वाहिन्यांची क्षमता असलेल्या नेटवर्कला 25 आणि वर जिल्ह्याच्या 2. कोल्हापूरला हे पुरून उरतं. स्थानिक बातम्या द्यायच्या असतील तर एमएसओ ही कंपनी असली पाहिजे, भागीदारी किंवा एकट्याचा व्यवसाय चालणार नाही, ही अट लहानांना जड गेली. तरी सनदी लेखापालाकडे जाऊन ती पुरी करता येते.

खरा वाद आहे तो एका वाक्याचा. प्लॅटफॉर्म सर्व्हिसवरचा कार्यक्रम त्या नेटवर्कपुरताच असावा. तो दुसऱ्या कोणत्याही वितरकाला थेट किंवा आडमार्गाने देता येणार नाही. एकमेव सवलत धार्मिक स्थळांच्या थेट प्रक्षेपणाला. त्यामुळे अंबाबाईच्या मंदिरातलं एकच चित्रण जिल्ह्यातल्या सगळ्या नेटवर्कवर एकाच वेळी दिसू शकतं. पण पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांची इशारा पातळी ओलांडून 43 च्या धोका पातळीकडे निघालं आहे, हे सांगणारं बुलेटिन एका नेटवर्कवरून दुसऱ्यावर जाऊ शकत नाही. देवदर्शनाची सवलत योग्यच आहे. पुराच्या बातमीला ती का नाही, याचं उत्तर त्या कागदात सापडत नाही.

सरकारची बाजूही मांडायला हवी. उपग्रह वृत्तवाहिनी काढायची तर पहिल्या वाहिनीसाठी 20 कोटी रुपयांची निव्वळ मालमत्ता दाखवावी लागते, गृहखात्याची सुरक्षा मंजुरी लागते. एखादं लोकल चॅनेल 1,000 रुपयांत नोंदलं गेलं आणि फायबरवरून दहा जिल्ह्यांतल्या दहा नेटवर्कवर गेलं, तर ती मागच्या दाराने आलेली राज्य वाहिनीच झाली. हा धोका खोटा नाही. नियामकाने, म्हणजे ट्रायने, नोव्हेंबर 2014 मध्ये पहिल्यांदा शिफारशी केल्या, तेव्हापासून ही भीती कागदांत आहे. तिच्यासाठी जिल्ह्याची मर्यादा घालता आली असती. जिल्ह्याबाहेर वाटप बंद, जिल्ह्याच्या आत खुलं, असं म्हणणं अवघड नव्हतं, कारण त्याच तत्त्वांत जिल्ह्याला 2 वाहिन्यांचा वेगळा हिशेब धरलेला आहे. जिल्हा हे मोजमाप मान्य होतं, मग ते इथे का वापरलं नाही?

या वाक्याचा परिणाम मालकीवर होतो. कायद्याच्या नजरेत लोकल वृत्तवाहिनी अशी स्वतंत्र वस्तू उरतच नाही. असते ती एमएसओची सेवा. शहरात चार तरुणांनी कॅमेरा, संपादनाचा संगणक आणि अँकर घेऊन उत्तम बुलेटिन केलं तरी ते एका नेटवर्कचे कंत्राटदार होतात. ते नेटवर्क ज्या गटाचं, त्याच्या विरोधातली बातमी लावायची आणि तिथून बाहेर पडावं लागलं तर दुसरीकडे जायचं, एवढंच हातात उरतं. पण दोन्हीकडे एकाच वेळी राहून कुणाचंच न ऐकण्याची सोय गेली. ज्याची तार त्याची बातमी, असा अर्थ पत्रकारांनी घेतला आणि तो चुकीचा म्हणता येत नाही. ज्या घरी एकच केबल येते त्या घराला दोन्ही बाजू बघण्याचा जुना उपायही मिळेनासा झाला. गटातटाच्या जिल्ह्यात ही किंमत फार मोठी आहे.

प्रेक्षक तोवर मोबाइलकडे वळला होता. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने 55 फूट ओलांडले, शिरोलीजवळ महामार्ग अनेक दिवस बंद राहिला, कित्येक भागांत वीजच नव्हती. वीज नाही म्हणजे बॉक्स नाही. लोकल चॅनेलच्या फेसबुक आणि यूट्यूबवरच्या थेट चित्रणाची सवय तेव्हा लागली आणि 2021 च्या पुरात ती पक्की झाली. चिखली-आंबेवाडीच्या माणसाला पाणी कुठवर आलं हे पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने फोन करून सांगितलं, इतका हा बदल उलटापालटा होता. यूट्यूब हा दुसरा केबलचालक नसल्याने वाटपबंदीचं वाक्य तिथे लागत नाही, असा अर्थ धंद्यात लावला जातो. तिथे फेब्रुवारी 2021 चे डिजिटल माध्यमांचे नियम आहेत: आचारसंहिता, तक्रार निवारण अधिकारी, 15 दिवसांत निर्णय. पत्रकार परिषदेत टेबलावर बूमची, म्हणजे चॅनेलचं नाव लावलेल्या माइकची, रांग लांबली ती यानंतर. त्यातले कितीतरी बूम कुठल्याच तारेवर नाहीत.

नोव्हेंबर 2020 मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपून प्रशासक आले आणि महासभेचं चित्रण, म्हणजे लोकल बुलेटिनचा कणा, बंद झाला. चॅनेल का ओसरली याच्या चर्चेत ही गोष्ट फारशी कुणी काढत नाही. ती जागा वाढदिवसाच्या शुभेच्छांनी आणि पुरस्कृत मुलाखतींनी भरली.

पुढच्या हालचाली दिल्लीत आहेत. 1995 चा केबल कायदा बदलून नवं प्रसारण विधेयक आणायचं म्हणून 10 नोव्हेंबर 2023 ला मसुदा आला. 2024 मध्ये त्यावर इतका गदारोळ झाला की नवा मसुदा काढू असं सरकारला सांगावं लागलं. जानेवारी 2025 पासून स्थानिक केबलचालकांची नोंदणी पोस्टातून उठून ऑनलाइन झाली, मुदत 5 वर्षांची. कोल्हापूरच्या दृष्टीने मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते ऑक्टोबर 2024 चं नियामकाचं सल्लामसलत पत्र. उपग्रह न वापरता, जमिनीवरच्या तारेतून एकाहून अधिक वितरकांना वाहिनी देणाऱ्या प्रसारकाला स्वतंत्र मान्यता द्यावी का, हा त्याचा विषय. ही कल्पना 2014 च्या शिफारशींतही होती आणि तेव्हापासून पडून होती. ती स्वीकारली गेली तर बुलेटिन करणाऱ्याला एमएसओपासून वेगळं कायदेशीर अस्तित्व मिळेल आणि जिल्ह्यातल्या सगळ्या नेटवर्कवर एकच बातमी अधिकृतपणे दाखवता येईल. त्यासाठी मालमत्तेची अट 20 कोटींच्या आसपास ठेवली, तर इथल्या बातमीदारांपैकी कुणालाच त्या दारातून जाता येणार नाही. गटांना मात्र येईल.