पाईचा तळ ओला का राहतो?

भाज्यांची पाई कापली आणि वरची पारी सोनेरी, पण खालची पांढरट-चिकट निघाली, की दोष ओव्हनच्या माथी येतो. बिचाऱ्याने आपलं काम चोख केलेलं असतं. आपणच त्याच्या पोटात इतकं पाणी ढकललेलं असतं, की त्याची निम्मी ताकद ते पाणी उडवण्यातच जाते.

म्हणूनच झटपट पाई करायची तर कुठली मिनिटं वाचवता येतात आणि कुठली नाही, हे आधी ठरवावं. माझ्या मते पारीवरचा वेळ बिनधास्त वाचवावा, सारणावरचा वाचवू नये. बरेच जण नेमकं उलट करतात: पारी लाटण्यात जीव ओततात आणि भाज्या चिरल्या चिरल्या आत भरून मोकळे होतात.

पालकात साधारण 91 टक्के पाणी असतं, कोबीत आणि मशरूममध्ये 92 टक्क्यांच्या आसपास, टोमॅटोत त्याहूनही जास्त. म्हणजे अर्धा किलो चिरलेल्या कोबीत जवळपास 460 ग्रॅम पाणीच आहे. कच्च्या भाजीत ते जाणवत नाही, कारण पेशींच्या पातळ पटलांआड ते कोंडलेलं असतं. भाजी 60 अंश सेल्सिअसच्या आसपास तापली की ही पटलं फाटतात आणि पाणी सुटतं. हे कढईत झालं तर वाफ होऊन निघून जातं. पाईत झालं तर वर झाकण आणि चहूबाजूंनी पारी; बरंचसं पाणी तळाशीच साचतं.

ओव्हनमध्ये हे पाणी आटवणं फार महागात पडतं. 100 ग्रॅम पाणी 25 अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला सुमारे 31 किलोज्यूल ऊर्जा लागते, पण त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला 226. सातपटीहून जास्त! ती वाफ होऊन जाईपर्यंत ओल्या जागेचं तापमान शंभरीच्या पुढे सरकत नाही, मग ओव्हनचा काटा 200 वर का असेना. भाजल्याचा खरपूस रंग आणि वास ज्या अभिक्रियेमुळे येतो, ती फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मेयार यांनी 1912 साली मांडली. प्रथिनांतली अमिनो आम्लं आणि शर्करा यांच्यातली ही अभिक्रिया साधारण 140 अंशांच्या पुढे जोर धरते. भिजलेला तळ तिथवर पोचतच नाही. शिवाय मैद्यातला स्टार्च साठेक अंशांना पाणी पिऊन फुगतो, म्हणजे कुरकुरीत पारीऐवजी खाली चक्क खळ तयार होते.

यावर स्वस्तातला उपाय म्हणजे मीठ. बारीक चिरलेल्या कोबीवर एक चमचा मीठ भुरभुरून हाताने चोळा आणि पंधरा-वीस मिनिटं चाळणीत ठेवून द्या. बाहेर मिठाचं तीव्र द्रावण तयार होतं आणि परासरणाने पेशींतलं पाणी पटलातून बाहेर ओढलं जातं. आधी करकर वाजणारा कोबी मऊ पडून निम्म्यावर बसतो, चाळणीखाली फिकट हिरवं पाणी जमतं. मग मूठमूठ घेऊन घट्ट पिळा. पिळताना वाटतं संपलं, आणि तरी पुढच्या मुठीला धार लागते. सारणात वेगळं मीठ घालताना मात्र हात आखडता ठेवा.

मशरूमला हा खटाटोप नको. पसरट कढईत मोठ्या आचेवर, तेलाशिवाय परतले की ते आपणहून पाणी सोडतात. ते आटून कढईत पुन्हा चुरचुर आवाज येऊ लागला की झालं. जास्त परतले गेले तरी लगदा होण्याची भीती नाही. भाज्यांच्या पेशीभित्ती पेक्टिनने एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि उष्णतेने ते विरघळतं. मशरूमच्या भित्ती कायटिनच्या असतात, आणि कायटिन उष्णतेला बधत नाही.

इतकं करूनही थोडं पाणी उरतंच. त्याला बांधून ठेवायला चमचाभर कॉर्नफ्लोअर किंवा अंडं-दूध. दुधात फेटलेलं अंडं साधारण 80 अंशांना घट्ट धरतं, त्याहून फार तापलं की प्रथिनं आवळून येतात आणि धरलेलं पाणी पिळून बाहेर टाकतात. त्या मिश्रणात थोडं कॉर्नफ्लोअर घातलं की हा धोका बराच कमी होतो.

आता पारी. मैद्यात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही दोन प्रथिनं असतात. पाणी घालून मळलं की त्यांचं ग्लुटेन नावाचं लवचीक जाळं बनतं. पोळीला ते हवं, पाईला नको. पाईची पारी त्याने चिवट होते आणि भाजताना आक्रसते. म्हणून पाण्याआधी मोहन चोळायचं. स्निग्धांश मैद्याच्या कणांवर बसला की पाणी प्रथिनांपर्यंत नीट पोचत नाही आणि पारी खुसखुशीत राहते.

लोण्याच्या पारीचं कौतुक तिच्या पापुद्र्यांसाठी असतं. थंड लोण्याचे तुकडे पिठात अख्खे ठेवून लाटले की पातळ थर होतात, भाजताना ते वितळतात, लोण्यातल्या 16 ते 18 टक्के पाण्याची वाफ होते आणि थर सुटे होतात. पण लोणी पस्तिशीच्या आतच वितळतं, हातांची ऊबसुद्धा त्याला पुरते. मग सतत फ्रीजमध्ये ठेवा, काढा, लाटा, परत ठेवा. सुट्टीच्या दिवशी ठीक आहे. झटपट पाईला मी तेलच घेईन: 200 ग्रॅम मैद्याला 80 ते 90 मिलिलीटर तेल, मीठ, आणि गोळा जेमतेम जमेल इतकं तीन-चार मोठे चमचे गार पाणी. लाटायचंही नाही, बोटांनी थेट भांड्यात थापायचं. पापुद्रे सुटणार नाहीत, पण तेल कणाकणाला लागलेलं असल्याने ही पारी सारणाचं पाणी सहजी पीत नाही. भाज्यांच्या पाईला तळाशी हवं असतं ते हेच.

भांडं धातूचं घ्या. काचेतून उष्णता फार सावकाश जाते; ॲल्युमिनियम तिच्या शेकडो पट वेगाने ती पोचवतं. ओव्हन 200 अंशांना तापवताना आत एक जाड ट्रे तापत ठेवावा आणि पाईचं भांडं थेट त्यावर ठेवावं, म्हणजे सारणाची ओल उतरण्याआधी तळ धरू लागतो. वरच्या पारीला तीन-चार चिरा हव्यातच. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशेपट जागा मागते; वाट ठेवली नाही तर कड फोडून निघते.

बाहेर काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं कापू नका. कॉर्नफ्लोअरची घट्ट पकड थंड होतानाच येते, गरम असताना सारण सुरीमागे वाहतं. भांडं ओट्यावर टेकवून न ठेवता जाळीवर ठेवा, नाहीतर तळाला आलेली वाफ तिथेच थिजते.

उरलेली पाई दुसऱ्या दिवशी मऊ पडणारच, कारण सारणातलं पाणी रात्रभर हळूहळू कोरड्या पारीत सरकत राहतं. मायक्रोवेव्ह ते वाढवतो: आतलं पाणी तापून बाहेर येतं, आजूबाजूची हवा मात्र गारच, त्यामुळे ओल पारीवरच बसते. ओव्हनमध्ये 180 अंशांना दहा-बारा मिनिटं ठेवली, तर कोरडी गरम हवा ती ओल पुन्हा काढून घेते.