कोळसा वरोऱ्याचा, राख भुसावळची

भुसावळजवळच्या दीपनगरच्या वीजकेंद्रातला 500 मेगावॉटचा एक संच पूर्ण क्षमतेने चालला, की दिवसाला सात-आठ हजार टन कोळसा फस्त करतो. म्हणजे साधारण दोन मालगाड्या. यातलं चिमूटभरही खानदेशच्या जमिनीतलं नाही. यावल-रावेरला केळीच्या बागेत खोल बोअर मारा, तापीचा गाळच गाळ. चाळीसगाव-पारोळ्याकडे विहीर खणा, मुरमाखाली काळा पाषाण. दिसायला काळाच, पण जळणार कसा? सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वाहून थरावर थर थिजलेला तो लाव्हा.

कोळसा त्याच्याही कितीतरी आधीचा. सुमारे 28 कोटी वर्षांपूर्वी आपला भूभाग गोंडवन या महाखंडात होता. हिमनद्या वितळल्यानंतर आजच्या वर्धा खोऱ्याच्या जागी दलदली माजल्या आणि त्यात जिभेच्या आकाराच्या पानांची ग्लॉसोप्टेरिस ही झाडं. पडलेलं लाकूड-पान साचल्या पाण्यात बुडे. तिथे प्राणवायू जेमतेम, त्यामुळे ते पुरतं कुजत नसे. वर वाळूचे थर चढले, दाबाने पाणी निघून गेलं, उष्णतेने कार्बनचं प्रमाण वाढत गेलं. कोळशाचा तुकडा उजेडात फिरवून बघा: एक पट्टा चकचकीत, एक मळकट. चकचकीत भाग बहुतेक लाकडाचा. मळकट भागात बारीक पाचोळा आणि चिखल. हा चिखल कोळशात इतका मुरलेला असतो की वीजकेंद्रातल्या आपल्या कोळशाची तीस-चाळीस टक्के राखच होते.

वर्धा खोऱ्यातही पश्चिमेकडे हे थर लाव्ह्याखाली जातात. जिथे ते झाकण नाही, तिथेच खाणगावं वसली. वरोरा त्यातलं जुनं. 1867 मध्ये भुसावळवरून रेल्वे नागपूरला पोचली, पण इंजिनांसाठी विलायतेहून बोटीने कोळसा आणणं महागात पडे. साहजिकच 1870 च्या दशकात सरकारने वरोऱ्यात खाण चालवली आणि वर्ध्याहून खास फाटाही टाकला. गाव आधीपासून होतंच, त्याला स्टेशन आणि मजुरांची वस्ती मिळाली. 1906 मध्ये ती खाण बंद झाली, तरी गाव काही उठलं नाही. पुढे बल्लारपूर, घुग्घुस, वणीकडे खाणी वाढल्या.

गावाच्या नशिबी खाण येते ती लाव्हा कुठे थांबला त्यावरून, हे मला तरी भारी वाटतं. आपल्या वाट्याला मात्र राख आली: थोडी सिमेंटात, थोडी विटांत, उरलेली दीपनगरच्या राखेच्या तळ्यात.